गडग्याचे कुडे गेले, पुन्हा लावायचे आहेत. ओळख, उपयोग, रोपं याबद्दल सांगा

गडगेकर | १६ मे

यंदा सुट्टीत गावी आलो (संगमेश्वर तालुका) आणि पहिल्याच संध्याकाळी पडवीत बसल्यावर काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं. आंबे जागेवर, विहीर जागेवर, गडगा म्हणजे दगडी कुंपणही तसंच. बऱ्याच वेळाने उमगलं की वास नाही. दरवर्षी या दिवसांत ऊन उतरलं की मागच्या वरकशीतून (उताराच्या हलक्या जमिनीतून) कुड्याच्या फुलांचा वास घरात यायचा. मोगऱ्यासारखा अंगावर येणारा नव्हे, थोडा जुईकडे झुकणारा, वाऱ्याबरोबर येऊन परत जाणारा.

मागे जाऊन पाहिलं. गडग्याच्या कडेला सात-आठ कुडे होते, माझ्या जन्माच्या आधीपासूनचे. फेब्रुवारीत नवीन काजू लावायला जमीन साफ केली तेव्हा जेसीबीने सकाळच्या दोन तासांत सगळे काढून टाकले. काकांनी "झुडपं काढ" एवढंच सांगितलं होतं. आंबा, काजू, फणस ही झाडं आणि बाकीची झुडपं, असा हिशोब. काकांना मी बोललो नाही. त्यांनाही वाईट वाटलंय, पण ते म्हणतात, "कुड्याला काय, कुठेही येतो." सगळे असंच म्हणतात आणि म्हणूनच कुणी लावत नाही.

आजी असताना या फुलांची भाजी व्हायची. ती टोपलीत फुलं घेऊन पायरीवर बसायची, किडे-मुंग्या झटकायची आणि देठाकडचा जून भाग नखाने खुडून टाकायची. तिची बोटं चिकाने चिकट व्हायची. कुणाचं पोट बिघडलं की कुड्याचं पाळ, म्हणजे मूळ, सहाणेवर उगाळून ताकातून मिळायचं. ती कडू चव आज चाळीस वर्षांनी आठवली तरी तोंड वाकडं होतं.

मला हे कुडे परत लावायचे आहेत. बी लावावं की फांदी? आमचा नक्की कुठला कुडा होता हेही आता सांगता येत नाही, कारण गावात कुणी पांढरा म्हणतं, कुणी काळा. काकांची एक शंका आहे, गडग्याला परत कुडे लावले तर काजूला त्रास होईल का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहा.

टेकडीवाली | १६ मे

गडगेकर, वाचून वाईट वाटलं. आधी ओळखीचं बोलू, कारण चुकीचं बी लावलंत तर चार वर्षांनी कळेल.

कुडा या नावाने आपल्याकडे चार वेगळी झाडं ओळखली जातात. पांढरा कुडा म्हणजे होलॅऱ्हेना प्युबेसेन्स, जुन्या पुस्तकांत याचंच नाव होलॅऱ्हेना अँटिडिसेंटेरिका असं सापडेल. काळा कुडा म्हणजे रायटिया टिंक्टोरिया, तांबडा कुडा म्हणजे रायटिया आर्बोरिया आणि नागलकुडा म्हणजे टॅबर्निमोंटाना अल्टर्निफोलिया. चारही एकाच कुळातली. कण्हेर, तगर, सदाफुली, करवंद यांचं जे कूळ तेच. म्हणून चारही झाडांचं पान तोडलं की दुधासारखा चीक येतो. चीक बघून कुडा ओळखला असं म्हणणाऱ्यांची इथेच फसगत होते.

फूल हातात घ्या. पांढऱ्या कुड्याच्या फुलाला बारीक नळी आणि पाच पाकळ्या, मध्ये गळ्याशी काही नाही, साफ. काळ्या कुड्याच्या फुलात मात्र गळ्याशी पांढऱ्या तंतूंची झालर असते, कुणीतरी कात्रीने कातरून ठेवल्यासारखी. एकदा पाहिलीत की विसरणार नाही. तांबड्याच्या गळ्यातली झालर नारिंगी-गुलाबी आणि पानाला हात लावला तर मखमल. नागलकुड्याचं फूल घरच्या एकेरी तगरीची आठवण करून देतं, पाकळ्या भिंगरीसारख्या वळलेल्या.

फुलं नसतील तर शेंगा बघा. पांढऱ्या कुड्याच्या शेंगा जोडीने लोंबतात, पेन्सिलीपेक्षा बारीक, वीतभर ते दीड वीत लांब, अंगावर बारीक पांढरे ठिपके, आणि दोन्ही शेंगा सुट्या. काळ्या कुड्याच्या जोडशेंगांची टोकं एकमेकांना चिकटलेली असतात, पिकल्यावरच सुटतात. नागलकुड्याला लांब शेंग नसतेच, दोन होड्या पाठीला पाठ लावून ठेवाव्यात तशी फळं असतात.

तुमची आजी फुलांची भाजी करायची, पाळ उगाळून द्यायची, मे महिन्यात वास घरात यायचा. यावरून तो पांढरा कुडाच असणार असं मला वाटतं. पण शेजारच्या कुणाकडे जुन्या शेंगेची टरफलं अडकलेली दिसली तर खात्री करून घ्या.

काळ्या कुड्याला कमी लेखू नका हं. त्याच्या पानांपासून निळा रंग काढत, टिंक्टोरिया हे नाव त्यावरूनच आलं. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची लाखेची खेळणी याच्याच मऊ पांढऱ्या लाकडाची.

वाल_आणि_पापडी | १७ मे

भाजीचं मी लिहिते. आमच्या कर्जत-पनवेलच्या बाजारात पहिल्या पावसाच्या आसपास कातकरी आणि ठाकूर बायका कुड्याची फुलं वाटे लावून विकायला आणतात. पुढे आषाढ-श्रावणात कोवळ्या शेंगा येतात, जुडीने बांधलेल्या.

फुलं निवडून दोन पाण्यांनी धुवायची, भरपूर पाण्यात उकळायची आणि ते पाणी फेकून द्यायचं. थंड झाली की मुठीत घेऊन घट्ट पिळायची. फार कडू वाटली तर पुन्हा एकदा तेच. मग तेलात भरपूर कांदा, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, भिजवलेली मुगाची डाळ, त्यावर ही फुलं. शेवटी ओलं खोबरं. कांदा फुलांच्या निम्म्याने तरी हवाच. शेंगांचंही असंच, फक्त शेंग नखाने सहज तुटेल इतकी कोवळी घ्यायची. वाकवल्यावर दोरा निघाला की ती गेली.

थोडा कडवटपणा राहतोच आणि राहायलाच हवा. सगळा कडूपणा काढायचा असेल तर कोबी करावा. ९ ऑगस्टच्या आदिवासी दिनाच्या सुमाराला ठिकठिकाणी कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव भरतात. तिथे शेंगा मिळाल्या तर विकणाऱ्या मावशींना विचारा, त्या हातात शेंग धरून कोवळी-जून दाखवतात.

अनुपान | १७ मे

आयुर्वेदाची वैद्य आहे, म्हणून औषधाच्या बाजूने लिहिते.

संस्कृतात हा कुटज. वत्सक, कलिंग अशीही नावं आहेत आणि एक फार सुंदर नाव आहे, गिरिमल्लिका, म्हणजे डोंगरातला मोगरा. मुख्यतः साल आणि बी वापरतात. बी जवाच्या दाण्यासारखं दिसतं म्हणून इंद्रयव, आपण इंद्रजव म्हणतो. पांढऱ्या कुड्याचे ते कडू इंद्रजव, काळ्या कुड्याचे ते गोडे इंद्रजव. अतिसार, आव, रक्ती मूळव्याध ही याची ठरलेली कामं. कुटजारिष्ट, कुटजघनवटी, कुटजावलेह ही नावं बहुतेकांनी ऐकली असतील.

आजीचं ताक आणि पाळ यामागे खरं कारण होतं. सालीत कोनेसीन नावाचं अल्कलॉइड असतं आणि ते आवेच्या अमिबावर काम करतं. बंगालमध्ये या सालीला कुर्ची म्हणतात. १९२० च्या दशकात कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये रामनाथ चोप्रा यांनी कुर्चीवर आधुनिक पद्धतीने काम केलं आणि कुर्चीची औषधं तेव्हा दवाखान्यांतही वापरली गेली. त्याच्या कितीतरी आधी ही साल मलबारच्या किनाऱ्यावरून युरोपात जायची आणि तिकडे ती तेलिचेरी साल म्हणून ओळखली जायची.

आता काळजीचं. बाजारातल्या कुड्याच्या सालीत काळ्या कुड्याची साल मिसळलेली असते, ही जुनी तक्रार आहे. वर टेकडीवालींनी सांगितलेला फरक त्यासाठीही महत्त्वाचा, कारण सोललेल्या सालीला ना फूल असतं ना शेंग. शिवाय हे घरात मापाशिवाय घ्यायचं औषध नाही. जुलाब लागले की आधी मीठ-साखर-पाणी. रक्त पडत असेल, ताप असेल, लघवी कमी झाली असेल, रोगी लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर सहाण बाजूला ठेवून डॉक्टरकडे जायचं.

साखरभात | १७ मे

माझे सासरे दोन वर्षं रोज सकाळी इंद्रजवाची पूड घेतात, साखरेसाठी. त्यांना फरक वाटतो. गडगेकर, तुम्ही झाडं लावलीत तर बी सगळ्यांना कामाला येईल.

अनुपान | १८ मे

साखरभात, त्यांची मधुमेहाची गोळी चालू आहे ना? पूड घेत असतील तर ते त्यांच्या डॉक्टरांच्या कानावर घाला. गोळीच्या जागी पूड, असं कधीही होऊ देऊ नका. कडू लागतं म्हणजे साखर उतरते ही समजूत फार लोकांना महागात पडली आहे. आणि पूड पांढऱ्याची आहे की काळ्याची, हे पुडीवर वाचून कळणार नाही.

साखरभात | १८ मे

गोळी चालू आहे. पण डॉक्टरांना पुडीचं सांगितलेलं नव्हतं. या महिन्यात जाऊ तेव्हा सांगते. धन्यवाद.

रोपघर | १९ मे

गडगेकर, सगळ्यात आधी एक करा. ती जागा पाऊस पडेपर्यंत तशीच राहू द्या. नांगरू नका, तणनाशक मारू नका. कुडा मुळांतून फुटतो. जेसीबीने बुंधे गेले तरी मुळांचे तुकडे जमिनीत राहिले असणार, गडग्याच्या दगडांखाली तर नक्कीच. जून-जुलैत समोरासमोर आलेली जोडपानं दिसली, तोडल्यावर चीक आला, तर तो तुमचाच कुडा. उगीच नाही तो वणवा लागलेल्या आणि तोडलेल्या डोंगरावर टिकून राहत. गुरं आणि शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत, चीक असतो ना. म्हणून चराईच्या उघड्या माळावर बाकी काही शिल्लक नसतं तिथेही कुडा उभा दिसतो.

बियांचं सांगतो, कारण मी गेली सहा वर्षं रोपं करतोय आणि पहिली दोन वर्षं हात पोळून घेतलेत. शेंगा वर्षाअखेरीपासून वाळायला लागतात आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत तडकतात. बियांच्या टोकाला तपकिरी रेशमी केसांचा झुपका असतो, शेंग उकलली की वाऱ्याबरोबर बी गेलं. मी पहिल्या वर्षी रविवारी शेंगा बघून आलो आणि पुढच्या रविवारी काढायला गेलो तर नुसत्या रिकाम्या साली लोंबत होत्या. तेव्हापासून शेंग हिरवी-तपकिरी झाली की जुन्या साडीचं फडकं सैल बांधून ठेवतो.

शेंगा काढून सावलीत वाळवा, बी हाताने चोळून केस वेगळे करा. जुनं बी ठेवू नका, त्याच वर्षी पेरा. मेच्या शेवटी रात्रभर साध्या पाण्यात भिजवून सकाळी पिशवीत पेरायचं, नखभर खोल, त्याहून खोल नको. माती, वाळू, कुजलेलं शेणखत सारखं. पाणी साचलं की बी कुजतं, माझी दुसऱ्या वर्षीची दोनशे रोपं अशीच गेली. पिशवीच्या तळाला भोकं पाडली होती पण पिशव्या थेट मातीवर ठेवल्या होत्या, भोकं बुजली. आता खाली खडी पसरतो. दहा-पंधरा दिवसांत उगवतं. पहिलं वर्ष निम्म्या सावलीत ठेवा आणि दुसऱ्या पावसाळ्यात जमिनीत लावा. घाई केलीत तर गवत रोपाला गिळतं.

फांद्या मी बऱ्याच लावून पाहिल्या, मला जमलं नाही. मुळाचा धुमारा मात्र पावसात मुळासकट काढून लावला तर लागतो.

जमीन कसलीही चालते. जांभा, मुरूम, उतार, फक्त पाणी तुंबायला नको. दोन झाडांत दहा फूट ठेवा. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा पाणी द्या, मग विसरलात तरी चालेल. माझ्याकडे बियांच्या रोपाला चौथ्या वर्षी पहिला झुबका आला. काकांना सांगा, काजूला काही होत नाही. कुडा उन्हाळ्याच्या तोंडाला पानं गाळतो, फार उंच जात नाही आणि दरवर्षी छाटलात तर झुडूप म्हणूनच राहतो.

सालीसाठी लावणाऱ्यांना एक विनंती. उभ्या खोडाची साल गोल सोलू नका. पूर्ण कडं काढलं की वरचं झाड मेलं. आठ-दहा वर्षांचं झाड झाल्यावर फांद्या तोडून त्यांची साल घ्या, बुंधा परत फुटतो. आमच्या डोंगरात कमरेएवढ्या उंचीवर पांढरं लाकूड उघडं पडलेले कुडे रांगेने उभे दिसतात. व्यापारी ओली साल घेऊन गेला, परत आला नाही आणि दुसऱ्या वर्षी तिथे काढायला काही उरलं नाही.

सातेरी | २० मे

फुलाची नळी अरुंद असते, तळाशी मध. त्यामुळे लांब सोंडेच्या फुलपाखरांचं आणि पतंगांचं हे झाड. मे महिन्यात डोंगरात बाकी फुलोरा आटत आलेला असतो तेव्हा कुडा भर बहरात असतो, हे त्या किड्यांच्या दृष्टीने केवढं मोठं आहे याचा विचार करा. हबशी या काळसर तपकिरी फुलपाखराच्या अळ्या चीकवाल्या झाडांवर वाढतात आणि चिकातलं विष अंगात साठवतात, म्हणून पक्षी त्या टाळतात. तुमच्या कुड्याची पानं कुरतडलेली दिसली तर औषध मारायला धावू नका. पान उलटून बघा, आधी अळी दिसेल, मग काही दिवसांनी चकचकीत चांदीसारखा कोष. कानातल्यासारखा लटकतो.

टेकडीवाली | २० मे

थोडं विषयाला सोडून, पण राहवत नाही. मेघदूतातला यक्ष मेघाला अर्घ्य देतो ते ताज्या कुटजाच्या फुलांचं. आषाढातल्या डोंगरावर हाताशी ताजं, पांढरं, सुवासिक फूल कुठलं, तर हेच. तो रामगिरी म्हणजे नागपूरजवळचं रामटेक असं मानतात. मी लहानपणी शाळेत हे शिकले तेव्हा कुटज म्हणजे कुठलंतरी देवलोकीचं फूल असं वाटलं होतं. पुढे कर्नाळ्याच्या वाटेवर पावसात कुडा पाहिला, कुणीतरी म्हणालं हाच तो कुटज, आणि मी तिथेच भिजत उभी राहिले. शेवटच्या बहरातली फुलं होती, कडेने पिवळसर पडलेली, पाण्याने जड झालेली, तरी वास होता.

गडगेकर | २२ मे

काय लिहू. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. रोपघर, जागा तशीच ठेवायला काकांना सांगितलंय, त्यांनी मान डोलावली. टेकडीवाली, शेजारच्या वाडीत देवळामागे एक कुडा सापडला. फुलाच्या गळ्यात झालर नाही आणि वर मागच्या वर्षीच्या जोडशेंगेची सुकी टरफलं लोंबतायत, टोकं सुटी. पांढराच.

गडगेकर | २७ जुलै

परवा गावी जाऊन आलो. गडग्याच्या दक्षिण टोकाला तीन ठिकाणी धुमारे आलेत. दोन वीतभर आहेत, एक गुडघ्याएवढा, दगडांच्या फटीतून वाकडा वर आलेला. पान खुडून पाहिलं, पांढरा थेंब आला आणि बोटाला चिकटला. साबणाने धुतला तरी दुपारपर्यंत चिकटपणा गेला नाही.

रोपघर | २७ जुलै

छान! आता गवत कापणाऱ्याला दाखवून ठेवा. धुमारे बहुतेक वेळा कोयत्याखालीच जातात.

वाल_आणि_पापडी | २८ जुलै

तीन म्हणजे भाजीला अजून वेळ आहे, पण फार आनंद झाला.

गडगेकर | ९ मार्च

देवळामागच्या कुड्याला काकू जानेवारीत फडकी बांधून आल्या होत्या, मी फोनवर सांगितल्याप्रमाणे. परवा उतरवली. सत्तावीस शेंगा, वहीच्या कागदात गुंडाळून मुंबईला पाठवल्यात. घरात पंखा बंद करून बी काढलं तरी केस उडून पडद्यांना चिकटलेत. एक दाणा चावून पाहिला. आजीच्या ताकाची चव तीच.

रोपघर, मेच्या शेवटी गावीच पेरणार आहे, खाली खडी पसरून. जास्तीचं बी आहे. लागवडीसाठी कुणाला हवं असेल तर इथे लिहा, पावसाआधी पाठवतो. साल किंवा पूड मागू नका.

आणि एक राहिलंच. तीनही धुमारे जिवंत आहेत. काकांनी प्रत्येकाभोवती गडग्याचेच दगड रचून हातभर उंचीचं कडं केलंय, आणि मोठ्या धुमाऱ्याशेजारी लाल फडकं बांधलेली काठी रोवली आहे, गवत कापणाऱ्याला लांबून दिसावी म्हणून.